चिलखताच्या रकान्यात रेघ

रविवारी शटर अर्धं खाली.
नासेर झेरॉक्सच्या मागच्या खोलीत
मशीन अजून गरम, शाईचा वास,
टेबलावर पाठकोरे कागद,
कुणाच्या तरी डिस्चार्ज कार्डाच्या बिघडलेल्या प्रती.

"चल, तुझी लढवय्यी सांग," नासेर म्हणतो.
साठ गुण. सहा रकाने.
मी अकलेतून चार काढते, ताकदीत टाकते.
गोडबोलेपणातून तीन काढते, तेही ताकदीत.
संघपाल बघतो. त्याचा पुजारी
डोक्यापासून नखापर्यंत लोखंडात,
वर ढाल, ढालीवर आणखी एक मंत्र.
"अक्कल एवढी कमी? हिला दरवाजा तरी कळंल का?"
कळायची काय गरज. ती भिंतीतून जाईल.

नाव: करडी.
कवळी असते तोवर भाजीला खुडतात,
मग ती काटे धरते,
मग तिला कापायला माणसं
हाताला फडकी बांधून येतात.
गाव: लिहिलं नाही.
शस्त्र: कुऱ्हाड, दोन हातांची.
दुसरं शस्त्र: तीच.

चिलखत.
इथं मी रेघ मारते.

"कामून?" विश्वंभर उडालाच. "फुकट मिळायलंय!
चामड्याचं तरी घे. खिळे मारलेलं घे.
पहिल्याच पुलावर मरशील, अन् मग
आम्ही तुझं मढं ओढत हिंडायचं का?"
नासेर पुस्तक उलटतो, एका ओळीवर बोट ठेवतो.
नियम आहे: अंगावर काही नसेल तर
चिवटपणाच चिलखतात धरायचा.

मी म्हणत नाही की
चिलखत माझं घालून झालंय.
सहावी ते नववी.
ह्याच अंबाजोगाईत, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात,
हाडांच्या विभागात बेतलेलं:
पट्टे चामड्याचे, सळया अॅल्युमिनियमच्या,
हनुवटीखाली एक कडं.
मे महिन्यात घामोळ्यांवर पावडर,
पावडरीवर बनियन, बनियनवर ते.
तेवीस तास. एक तास अंघोळीचा.
शाळेत मला कुणी मारायचं नाही,
मारलं तर त्यांनाच लागायचं.
लंगडीत घ्यायचे नाहीत.
मी सगळ्यांच्या चपला सांभाळायची.

"पुढं," नासेर म्हणतो. "स्वभाव?"
बेफाम.
"म्हणजे काय होतं माहितेय ना?
तू दोन फासे टाकणार, मोठा आकडा तुझा.
पण मग समोरचाही तुझ्यावर दोन टाकणार."
टाकू दे.
"दर खेपेला."
टाकू दे की.

वीस तोंडांचे फासे, कुरिअरनं आलेले.
त्यातल्या एकावर एकच्या आकड्याचा रंग उडालाय,
म्हणून एक पडला की क्षणभर
काहीच पडलं नाही असं वाटतं.

सगळ्यात खाली चौकट: चित्र काढा.
तोंड मला जमत नाही, म्हणून पाठमोरी काढली.
केस आखूड, खांदे उघडे,
मणका पेन्सिलीनं, वरून खाली,
जरा डावीकडं जातो
मग भानावर आल्यासारखा परत येतो.
विश्वंभर खोडरबर पुढं करतो. "वाकडं झालं."
"राहू दे," मी म्हणते. "ती तशीच आहे."
संघपाल काही बोलत नाही.
आपल्या पुजाऱ्याच्या कागदावर
एक मंत्र खोडतो, दुसरा लिहितो.
मला उलटं वाचता येतं:
जखम भरणे. त्याखाली परत, जखम भरणे.

पूल येतो.
पलीकडं सात जण, भाले घेऊन.
"आधी कोण?"
विश्वंभर नकाशावर ओणवा,
बोटांनी घरं मोजायलाय.
बाहेर गेटवर रिक्षावाले नंबरावरून भांडायलेत.
टेबलफॅन फिरत फिरत माझ्याकडं येतो
आणि वारं मानेमागून आत शिरतं,
मणक्याच्या वाटेनं,
वळणाला वळून, थेट कमरेपर्यंत.

मी फासे उचलते.
दोन्ही.